संगणकाचे घर : शाकारावे की नवे बांधावे?

मालवण, वेंगुर्ले, देवगड या बाजूस ज्यांची कौलारू घरे आहेत, त्यांस शाकारणी म्हणजे काय हे सांगावयास नको. मृग लागण्यापूर्वी माणसे छपरावर चढतात, फुटकी कौले काढतात, सरकलेली जागच्या जागी बसवितात, एखादी किडलेली रीप बदलतात आणि खाली उतरतात. खालून पाहणारास घर काल होते तसेच आज दिसते. त्यात नवे असे काही आढळत नाही. परंतु हे काम एक वर्ष चुकले तर पहिल्या मोठ्या सरीस माजघरात पातेली मांडावी लागतात, दोनचार वर्षे चुकले तर वासे कुजू लागतात, आणि पुढे एखाद्या रात्री छपराचे पाखेच्या पाखे खाली येते. घर वादळाने पडले असे आपण म्हणतो. वास्तविक ते शाकारणी थांबली तेव्हाच पडावयास लागलेले असते.

आज सुशिक्षित कुटुंबांतून जो एक प्रश्न वारंवार विचारला जातो, तो वरवर पाहता याहून अगदी निराळा आहे. घरातील संगणकावर विंडोज १० आहे. ती काढून विंडोज ११ घालावी काय? मुंबईस किंवा पुण्यास असलेला मुलगा फोनवरून सांगतो की, जुने यंत्र टाकून द्या आणि नवा लॅपटॉप घ्या. बाजारपेठेतला दुरुस्तीवाला सांगतो की, चालते आहे तोवर चालू द्या, उगाच हात लावू नका. वडील माणसांस या दोहोंपैकी कोणाचे ऐकावे हे उमगत नाही, आणि निर्णय पुढच्या महिन्यावर जातो. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अर्धीच खरी आहेत. कारण दोघेही यंत्र नवे की जुने एवढेच पाहतात. खरा प्रश्न यंत्राच्या वयाचा नसून त्याची शाकारणी कोण करतो आणि ती कोठवर चालणार आहे, हा आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. संगणकाची यंत्रसामग्री म्हणजे घराचे जोते आणि भिंती. पत्रलेखन, जमाखर्च, बँकेचे पान, नातवंडांशी होणारे व्हिडिओ कॉल ही त्या घरात वावरणारी माणसे. या दोहोंच्या मध्ये राहून कोणास आत घ्यावयाचे, कोणास कोणती खोली मोकळी करावयाची आणि दार केव्हा लावावयाचे हे पाहणारी जी व्यवस्था, ती कार्यप्रणाली. बाजारात तिलाच ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. अशी प्रणाली कोट्यवधी ओळींच्या आज्ञांची बनलेली असते, आणि माणसांनी लिहिलेल्या एवढ्या मोठ्या मजकुरात चुका राहिल्यावाचून राहत नाहीत. त्यांपैकी काही चुका अशा असतात की, त्यांतून परक्यास आत शिरता येते. ही भोके सापडतील तसतशी बुजविणे हे प्रणाली करणाऱ्या कंपनीचे काम होय. मायक्रोसॉफ्ट कंपनी ते दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी करीत असते.

विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी निघाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिची ही नेहमीची डागडुजी बंद केली. त्या दिवसानंतर कोणाचा संगणक थांबला नाही, पडदा काळा झाला नाही, की एखादे पत्रही नाहीसे झाले नाही. त्यामुळे पुष्कळांस असे वाटले की, ही सारी नवा माल खपविण्यासाठी उठविलेली आवई होती. परंतु शाकारणी चुकलेले घरही पावसाळा येईपर्यंत कोरडेच असते. शिवाय येथे एक अधिक बिकट गोष्ट आहे. दोन्ही प्रणाल्यांचा बराच भाग समान आहे. विंडोज ११ मधील एखादे भोक बुजविले गेले की, ती दुरुस्ती तपासून चोर मूळचे भोक कोठे होते हे हुडकून काढतात. आणि तेच भोक डागडुजी थांबलेल्या विंडोज १० मध्ये उघडे असले तर त्यांस आयती वाट मिळते. म्हणजे शेजाऱ्याच्या घराची दुरुस्तीच आपल्या घराचा कच्चा कोपरा चोरास दाखवून देते.

मालवणच्या लोकांस याचा दाखला दूर शोधावयास नको. सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधावयास घेतला आणि सुमारे तीन वर्षांत पुरा केला. त्याचा दरवाजा तटाच्या वळणात असा लपविलेला आहे की, होडीने येणारास तो जवळ येईपर्यंत दिसत नाही. तरीही १७६५ साली तो इंग्रजांनी घेतला आणि त्यास फोर्ट ऑगस्टस हे नावही दिले. बांधणाराची योजना कितीही उत्तम असली तरी ती त्याच्या काळच्या शत्रूस धरून केलेली असते. पुढील काळच्या शत्रूस तोंड द्यावयाचे तर पहारा आणि डागडुजी अखंड चालू ठेवावी लागते. हे जसे किल्ल्याचे तसेच संगणकाचे.

ही नुसती भीती नव्हे, हे २०१७ साली साऱ्या जगास दिसले. त्या वर्षीच्या १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा उपद्रवी प्रोग्राम दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरला. तो संगणकातील कागदपत्रे कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी पैसे मागे. इंग्लंडातील सरकारी रुग्णालयांस त्यामुळे ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विशेष हे की, ज्या भोकातून तो शिरला ते बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, काढली होती. ज्यांनी ती घातली नव्हती ते सापडले. विंडोज एक्सपीची डागडुजी तर ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली होती. तिच्यासाठी कंपनीने हल्ल्यानंतर अपवाद म्हणून एक दुरुस्ती दिली, पण ती घर गळू लागल्यावर. पुढील महिन्यात, २७ जून रोजी, नॉटपेट्या नावाचा दुसरा उपद्रव पसरला आणि आपल्याच किनाऱ्यावर, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम त्याने बंद पाडले. यावरून दोन बोध घ्यावयाचे. डागडुजी थांबलेली प्रणाली वापरणे धोक्याचे आहे, हा पहिला. आणि डागडुजी मिळत असता ती 'उद्या करू' म्हणून टाळणे तितकेच धोक्याचे आहे, हा दुसरा. विंडोज ११ घेऊन अपडेट बंद करून ठेवणाराने नवे घर बांधून शाकारणी सोडली असे समजावे.

आता कोणी म्हणेल की, मोठ्या बंदरांवर आणि रुग्णालयांवर चोरांचा डोळा असेल. आमच्या पडवीतल्या संगणकात काय ठेवले आहे? आहे ते असे : निवृत्तिवेतनाच्या खात्याचा परवलीचा शब्द, मुदतठेवींच्या पावत्या, प्राप्तिकराची विवरणे, आंब्याच्या बागेचे सातबारा, आधार आणि पॅन यांच्या प्रती. आयुष्यभराच्या काटकसरीची किल्लीच त्या पेटीत आहे. असले उपद्रव माणूस पाहून येत नाहीत. उघडे दार पाहून येतात.

तथापि एक गोष्ट येथेच स्पष्ट केली पाहिजे, नाही तर नव्या प्रणालीवर भलताच विश्वास बसावयाचा. वडील माणसांचे पैसे आज जातात ते बहुधा प्रणालीच्या भोकांतून नव्हे, तर फोनवरच्या गोड किंवा दरडावणाऱ्या बोलण्याने. बँकेतून बोलतो म्हणून ओटीपी विचारणारा, पोलीस अधिकाऱ्याचा वेष घालून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी देणारा, संगणक दुरुस्त करतो म्हणून त्याचा ताबा मागणारा, यांच्यापुढे विंडोज ११ काहीच करू शकत नाही. दार आतूनच उघडले तर कडीचा काय दोष? फसगत झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक घरातील फोनजवळ ठळक अक्षरांत लिहून ठेवणे हे कोणत्याही नव्या प्रणालीपेक्षा स्वस्त आणि तितकेच आवश्यक आहे.

आता प्रत्यक्ष निर्णयाकडे वळू. विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी निघाली. तिला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते; सुखाने काम व्हावयाचे तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी असावी. परंतु अडचण होते ती यामुळे नव्हे. तिला टीपीएम २.० नावाची एक व्यवस्था लागते. कुलपांच्या किल्ल्या जिच्यात निराळ्या जपून ठेवल्या जातात अशी संगणकातील ती लहानशी तिजोरी होय. त्याखेरीज प्रोसेसरही ठराविक यादीतील लागतो. इंटेलचा असल्यास तो बहुतेक आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. ही पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. तेव्हा ढोबळ मानाने असे समजावे की, २०१८ च्या आधी घेतलेले यंत्र बहुधा या परीक्षेत उतरणार नाही. नक्की पाहण्यासाठी मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा प्रोग्राम फुकट मिळतो. तो दोन मिनिटांत होय किंवा नाही सांगतो. कधीकधी ही तिजोरी यंत्रात असूनही बंद ठेवलेली असते. ती जाणत्याकडून उघडून घेतली म्हणजे काम भागते.

यंत्र उतरले, तर आमचे उत्तर सरळ आहे : विंडोज ११ घालावी. विंडोज १० वरून तिच्यावर जाण्यास कंपनी पैसे घेत नाही. पहिले आठ दिवस थोडे चुकल्यासारखे होईल. तळाची बटणे डावीकडून मधे गेलेली दिसतील, ती पुन्हा डावीकडे नेता येतात. जाहिरातवजा सूचना आणि कंपनीचे खाते उघडण्याचा आग्रह हे नव्या प्रणालीचे दोष आम्हांसही खटकतात. पण तेवढ्यासाठी गळक्या छपराखाली राहणे शहाणपणाचे नव्हे.

यंत्र उतरले नाही, परंतु धडधाकट आहे, तर ते टाकण्याची घाई करू नये. अशा घरगुती यंत्रांसाठी कंपनीने २०२५ साली एक वर्षाच्या वाढीव डागडुजीची योजना जाहीर केली. तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. तीस डॉलर भरून ती घेता येते, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत येऊन संगणकातील मांडणीची नोंद कंपनीकडे ठेवल्यास पैशावाचूनही मिळते. मात्र प्रणाली विंडोज १० ची शेवटची, म्हणजे २२एच२ ही आवृत्ती असली पाहिजे. ही योजना म्हणजे कायमचा उपाय नव्हे; झावळ्या टाकून काढलेला तो एक पावसाळा होय. त्या तारखेपुढचा विचार आधीच करून ठेवावा.

तो विचार करताना लिनक्सचे नाव घेतल्यावाचून चालणार नाही. लिनक्स मिंट, उबुंटू या फुकट मिळणाऱ्या प्रणाल्या जुन्या यंत्रांवर चांगल्या चालतात आणि त्यांची डागडुजी नियमित होते. आपल्या सी-डॅक संस्थेने बॉस या नावाची भारतीय भाषांसाठीची लिनक्स प्रणाली काढली आहे. केरळातील सरकारी शाळांची मुले तर गेली अनेक वर्षे असल्याच प्रणालीवर शिकत आली. तेव्हा ती आपल्यास कठीण, असे मानण्याचे कारण नाही. ज्या घरात संगणक केवळ पत्रे, बातम्या, बँक आणि व्हिडिओ कॉल यांपुरता आहे, तेथे लिनक्सने काम भागते. ज्यांस टॅलीवर हिशेब ठेवावे लागतात, डिजिटल सहीची किल्ली लावून विवरणे भरावी लागतात, किंवा ज्यांचा प्रिंटर जुना आहे, त्यांनी मात्र आधी करून पाहावे. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता येते; त्यासाठी जुनी प्रणाली पुसावी लागत नाही.

न उतरणाऱ्या यंत्रावर विंडोज ११ आडमार्गाने बसवून देणारेही पुष्कळ आहेत. अशा यंत्रास पुढील दुरुस्त्या मिळतीलच असे आश्वासन कंपनी देत नाही. ज्या शाकारणीसाठी एवढा खटाटोप, तिचाच भरवसा नसेल तर नुसत्या नव्या रंगाने काय साधणार? जुने वापरलेले यंत्र स्वस्तात घेतानाही प्रोसेसरची पिढी विचारून घ्यावी. पडद्यावर विंडोज ११ दिसते एवढ्यावर पैसे मोजू नयेत.

येथे आमच्या वाचकवर्गास विशेष जवळची अशी एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती पैशाहूनही महत्त्वाची आहे. कित्येक घरांतून आजोबांनी किंवा काकांनी वर्षानुवर्षे जमविलेला कुलवृत्तांत, वंशावळ, देवस्थानाचे टाचण, जुन्या पत्रांच्या नकला या संगणकात टाइप करून ठेवलेल्या असतात. हा मजकूर बहुधा श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांतला असतो. या फॉन्टांची रीत अशी की, संगणकाच्या दृष्टीने आत इंग्रजी अक्षरे किंवा चिन्हे असतात. फॉन्ट त्यांस केवळ देवनागरीचा अंगरखा चढवितो. फॉन्ट गेला की अंगरखा गेला, आणि पणजोबांच्या नावाच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग उभी राहते. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत प्रत्येक देवनागरी वर्णास स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, त्यामुळे तेथे हे संकट नाही. परंतु युनिकोड रुळण्यापूर्वीचा मजकूर आपोआप तसा होत नाही.

त्यात भर अशी की, विंडोज ११ केवळ ६४ बिटांची आहे. अगदी जुने १६ बिटांचे प्रोग्राम तिच्यावर मुळीच चालत नाहीत, आणि ज्या टायपिंगच्या प्रोग्रामांस यंत्रामागे लावलेली कुलूपकिल्ली लागे, त्यांचीही खात्री देता येत नाही. पेजमेकरमध्ये जुळविलेला कुलवृत्तांत उघडेनासा झाला आणि टाइप करणारे हातही आता राहिले नाहीत, तर ते नुकसान कोणत्या दुकानात भरून मिळणार? यास्तव प्रणाली बदलण्यापूर्वी, जुने यंत्र चालू आहे तोवरच, चार कामे करावी. पहिले, असा प्रत्येक दस्तऐवज उघडून त्याची पीडीएफ करावी, म्हणजे रूप तरी कायम राहील. दुसरे, फॉन्टांच्या फाइली निराळ्या उतरवून ठेवाव्या. तिसरे, मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तित करून घ्यावा आणि एका जाणत्या माणसाने तो मुळाशी ताडून पाहावा. कारण रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्वदीर्घ यांत यंत्र हमखास चुकते. चौथे, या साऱ्याच्या दोन प्रती निराळ्या ठिकाणी ठेवाव्या, एक घरी आणि एक परगावच्या मुलाकडे. नवा मजकूर लिहिताना अडचण नाही. विंडोज १० च्या २०१९ मधील सुधारणेपासून उच्चाराप्रमाणे मराठी लिहिण्याचा कळफलक तिच्यातच आलेला आहे, आणि इन्स्क्रिप्ट शिकलेल्यांचा कळफलकही कायम आहे.

ज्या यंत्रावर असा जुना प्रोग्राम चालविणे अपरिहार्यच आहे, त्यास मुळीच न बदलण्याचा मार्गही मोकळा आहे. त्याचे इंटरनेट तोडावे, त्यावर बँकेचे पान कधीही उघडू नये, आणि त्यास केवळ लेखनाचे मेज समजावे. बाहेरच्या रस्त्यास दारच नाही अशा खोलीची धास्ती पुष्कळ कमी असते. मात्र परक्याचा पेनड्राइव्ह तेथे लावू देऊ नये.

सिंधुदुर्गातील वाचकांस आणखी दोन सूचना. नवी प्रणाली उतरविणे म्हणजे पाच जीबींहून अधिक मजकूर आणणे आणि त्यानंतर बराच वेळ यंत्र चालू ठेवणे होय. मध्येच वीज गेली तर अर्धवट बसलेली प्रणाली जुनीही राहत नाही आणि नवीही होत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात या किनाऱ्याने विजेवाचून किती दिवस काढले हे कोणी विसरलेले नाही; पण साध्या वळिवाच्या संध्याकाळीही वीज जातेच. तेव्हा हे काम कोरड्या दिवसांत, सकाळी, लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून किंवा इन्व्हर्टरच्या आधाराने करावे. दुसरे असे की, खाऱ्या हवेने यंत्राचे आतले सांधे गंजलेले असतील, पंखा आवाज करीत असेल, तर प्रणालीचा वाद मिटण्याआधीच यंत्र मिटेल. तेथे नवे घेण्यास खुशाल खर्च करावा. जुने यंत्र भंगारात देताना मात्र त्यातील डिस्क पूर्ण पुसून किंवा काढून घ्यावी. घर विकताना तिजोरी किल्लीसह कोणी ठेवून जात नाही.

घरचा जमाखर्च ज्यांच्या हाती आहे, त्या भगिनींनी या प्रश्नाकडे मुलांची हौस किंवा वडिलांचा हट्ट या दृष्टीने न पाहता घराच्या डागडुजीच्या दृष्टीने पाहावे. नवी प्रणाली नवी आहे म्हणून घ्यावयाची नाही, आणि जुनी सवयीची आहे म्हणून ठेवावयाचीही नाही. ज्या छपराची शाकारणी चालू आहे त्याखाली पैशाचे व्यवहार करावे. ज्याची थांबली आहे त्याखालून मौल्यवान वस्तू आधी बाहेर काढाव्या, आणि मग घराचे काय करावयाचे ते सावकाश ठरवावे. हा क्रम पाळला तर बहुतेक कुटुंबांस खर्च थोडा पडेल आणि पश्चात्ताप मुळीच होणार नाही, अशी आमची खात्री आहे.